डाव्या पंखाखालचा रिव्हेट

पायलट उभ्या आयुष्यात कधी विमानात बसला नाही. कामावर जाताना डोक्यावरून एखादं विमान गेलंच, तर तो मानही वर करत नसे. सायकलची घंटी वाजवत पुढे जायचा. पायलट हे नाव त्याला कारखान्यातल्या लोकांनी दिलं, आणि काही प्रेमानं दिलं नव्हतं. पण असली नावं चिकटली की सुटत नाहीत. दूधवाला, शेजारीपाजारी, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळे त्याला पायलटच म्हणायला लागले. कुणी नवखा माणूस आदरानं विचारायचा, "हवाई दलात होतात का आपण?" तेव्हा आतल्या खोलीतून बायकोचं हसणं त्याला ऐकू यायचं.

तो होता साचे बनवणारा कारागीर. प्लास्टिकच्या कारखान्यात बादल्या, साबणाच्या डब्या, कंगवे, बाटल्यांची बुचं, असल्या मालाचे पोलादी साचे तो करायचा. लोकांना वाटतं, प्लास्टिकच्या वस्तू आपोआप होतात, झाडाला लागल्यासारख्या. त्या कंगव्याचा एकेक दात कुणीतरी आधी पोलादात कोरलेला असतो, हे कंगवा फिरवणाऱ्याच्या डोक्यात, तो अगदी डोक्यावर फिरत असूनही, कधी येत नाही. कशाला येईल? साचा करणाऱ्याचं नाव कंगव्यावर नसतं. नाव मालकाचं, छाप मालकाची. या मालकाची छाप होती वर्तुळातली मुंगी. कारखान्याच्या निळ्या शर्टाच्या खिशावरही ती मुंगी असायची, आणि पायलटची बायको म्हणायची, "बरोबर जागी बसवलीय. खिशात दुसरं असतं काय?"

साच्यात सगळं उलटं असतं. वस्तूवर उंचवटा हवा, तर साच्यात खड्डा पाडायचा. अक्षर सरळ उमटायला हवं, तर ते उलटं कोरायचं. वर्षानुवर्षं असं उलटं काम करून पायलटच्या हाताला तीच खोड लागली होती. घरात कपाटाला कडी बसवली ती उलटी, खुंटी ठोकली ती उलटी, आणि बायको ओरडली की म्हणायचा, "आरशात बघ, बरोबर दिसेल."

तर हा मालक एकदा परदेशात जाऊन आला आणि येताना एक खोका घेऊन आला. त्यात विमानाचे सुटे भाग होते. जाळीसारख्या चौकटीला चिकटलेले. एकेक तोडून घ्यायचा, चिकटवायचा, रंग द्यायचा, की झालं छोटं विमान तयार. मालक म्हणाला, आपणही हे करायचं. विमान ठरलं ते मोठ्या युद्धाच्या सुरुवातीच्या काळातलं, एकाच माणसाचं, लढाऊ, लांब नाकाचं. फोटो बघून आराखडा झाला. आराखडा बघून मालकाचं तोंड वाकडं झालं.

"रिव्हेट कुठायत?" पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी त्याला कुठे दिसेनात.

"साहेब," फोरमन म्हणाला, "या विमानाचे रिव्हेट पत्र्यात बसवलेले असतात. वरून दिसत नाहीत. आणि आपल्या मापात उंच रिव्हेट केला, तर खऱ्या विमानावर तो ताटाएवढा होईल."

"खरं विमान कोण विकत घेतंय? पोरांना ते लोखंडाचं वाटलं पाहिजे. रिव्हेट दिसायलाच हवेत."

मालकानं दिसायला हवेत म्हटलं की दिसायलाच हवेत. काम आलं पायलटकडे. तेव्हा तो अजून पायलट झाला नव्हता; नुकतं लग्न झालेला, नजर तीक्ष्ण, हात स्थिर, आणि नाही म्हणायची हिंमत नसलेला. दुसरं कुणी ते काम अंगावर घ्यायला तयार नव्हतं हेही खरं. प्रत्येक रिव्हेटसाठी पोलादात एक टिंबाएवढा खड्डा. हातात गोल टोकाचा बारीक पंच, डोळ्याला भिंग. पंच रेषेवर टेकवायचा, श्वास सोडायचा, आणि दुसरा घेण्याआधी हलकी हातोडी मारायची. ठोका जड पडला तर खड्डा खोल. हलका पडला तर पुन्हा मारायची सोय नाही, कारण पंच दुसऱ्यांदा नेमका तिथेच बसत नाही. असे महिने गेले. संध्याकाळी घरी आला की भिंतीवरही त्याला ठिपक्यांच्या ओळी दिसायच्या. पण त्याला ते काम आवडत होतं, मनापासून आवडत होतं. बादलीचा साचा कुणीही केला असता. हे त्याच्या हाताचं होतं.

डाव्या पंखाची खालची बाजू शेवटी आली. तिसरी ओळ चालू होती. पंच टेकलेला, श्वास सोडलेला, हातोडी खाली येत होती, आणि दारातून ऑफिसचा शिपाई ओरडला, "अरे, मुलगी झाली तुला!"

हात हलला. ठोका पडायचा तो पडलाच.

फोरमन आला, भिंग घेऊन वाकला. बराच वेळ वाकून राहिला. रिव्हेट रेषा सोडून बाहेर गेला होता. फार नाही, केसभर; पण तिसऱ्या ओळीतला तो एकटाच असा होता, रांगेतून डोकं बाहेर काढून बघणाऱ्या माणसासारखा.

"मारला ना वाकडा," फोरमन म्हणाला.

"बुजवतो. खुंटा ठोकून घासतो आणि पुन्हा मारतो."

"आत्ता नको. लक्ष ठिकाणावर नाही तुझं. आधी जा, पोरीला बघून ये. आल्यावर तेवढं बघून घे."

कारखान्यात "बघून घे" याचा अर्थ एकच. चूक राहिलीय, ती कुणाला दिसायच्या आत नीट कर. घासून, बुजवून, ठोकून, काय वाटेल ते कर, पण पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येऊ देऊ नकोस. फोरमन दिवसातून पन्नासदा तरी म्हणायचा, एवढा कोपरा बघून घे, ती कड बघून घे. आणि सगळे बघून घ्यायचे.

पायलट पोरीला बघून आला. लालबुंद, मुठी आवळलेली, रडून रडून दमलेली. दुसऱ्या दिवशी त्यानं खुंटा घेतला, घासायचा दगड घेतला, साच्यासमोर बसला, भिंग डोळ्याला लावलं. आणि सगळं खाली ठेवून दिलं. एवढ्या शेकडो रिव्हेटमध्ये हा एकच असा होता ज्याला बघून तो सांगू शकला असता, की हा अमुक दिवशी, अमुक वेळी, माझ्या हातून पडला. राहू दे, त्यानं ठरवलं. कुणाला कळतंय? फोरमननं विचारलं तेव्हा त्यानं मान डोलावली, आणि साचा मशीनवर चढला. आयुष्यात त्यानं न ऐकलेली ही एवढीच गोष्ट.

विमानं निघायला लागली. खोक्यावर ढगांचं चित्र, कोपऱ्यात मुंगी. माल सगळा बाहेरगावी, बाहेरदेशी जायचा. इथल्या दुकानात एक खोका कधी दिसला नाही. कामगारांना मिळायचा प्रश्नच नव्हता. फाटकावर पहारेकरी खिसे चाचपायचा, डबे उघडून बघायचा.

तरी मुलीला त्या विमानाची खडान्‌खडा माहिती होती. जेवायला बसली की ती म्हणायची, "बाबा, रिव्हेट सांगा," आणि तो सांगायचा. डावा पंख, खालची बाजू, तिसरी ओळ. शिपाई कसा ओरडला, हात कसा हलला. "म्हणजे मी आले म्हणून विमान वाकडं झालं?" ती विचारायची. "विमान सरळच आहे गं. तेवढा एक रिव्हेट तुझा आहे," तो म्हणायचा. ती मग आपलं बोट ताटाच्या कडेवर फिरवून तो रिव्हेट शोधायची आणि सापडला म्हणून टाळ्या पिटायची.

मग ती शाळेत गेली आणि बाईंनी एक दिवस विचारलं, कुणाचे बाबा काय करतात. हिनं उभं राहून सांगितलं, "माझे बाबा विमान बनवतात. त्यात माझा रिव्हेट आहे." वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या असाव्यात, कारण घरी आल्यावर तिनं तेवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं, बाईपण हसल्या. बाई म्हणाल्या, आणून दाखव.

"उद्या आणा बाबा."

आता जगात अशा मागणीला नाही म्हणणारा बाप असेल, पण हा नव्हता. मशीनमधून खराब निघालेले भाग पुन्हा वितळवण्यासाठी एका पिंपात टाकत. त्यानं त्यातून एक डावा पंख उचलला. टोकाला थोडा जळलेला, पण रिव्हेट जागच्या जागी. जेवणाच्या डब्यात तळाशी ठेवला, वर झाकण लावलं. सुट्टीचा भोंगा झाला. फाटकावर रांग लागली. नेमका त्या दिवशी पहारेकऱ्यानं डबा उघडला.

त्यानं तो पंख दोन बोटांत धरून उंच केला, सगळ्या रांगेला दिसेल असा. "हे काय? उडवत न्यायचं होतं काय घरी?"

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पायलट!" आणि एवढा मोठा हशा पिकला की मालकाच्या ऑफिसची खिडकी उघडली. त्या दिवशी त्याला हे नाव मिळालं. आठवडाभर घरी बसवलं ते वेगळंच. फोरमननं मध्ये पडून नोकरी वाचवली, पण तोही म्हणाला, "अरे गाढवा, मागितला असतास तर मी साहेबांना विचारलं नसतं का?" विचारलं असतं की नसतं, देव जाणे.

घरी त्यानं सांगितलं, मशीन बिघडलंय, सुट्टी आहे. बायकोला खरं कळायला वेळ लागला नाही. असल्या बातम्या नळाच्या पाण्याआधी घरात पोचतात. पण पोरीला सांगायचं नाही, असं त्यानं तिला बजावलं. खोटारड्याची मुलगी म्हणून पोरं चिडवतील ते परवडलं, चोराची मुलगी म्हणून नको, असा विचार त्यानं केला. आता हा विचार बरोबर होता का? मला विचाराल तर साफ चूक. मुलांना चोर बाप समजून घेता येतो, खोटा बाप नाही. पण त्या वेळी त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे सांगणं कठीण आहे.

"साहेब गावाला गेलेत, आले की आणतो," तो म्हणाला. पोरगी थांबली. बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा वर्ग हसला. मग एक दिवस दप्तर न काढताच ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्ही विमान नाही ना बनवत?"

"बनवतो गं."

"मग आणा."

तो उठून सायकलला हवा भरायला गेला. त्यानंतर तिनं कधी रिव्हेट सांगा म्हटलं नाही. उलट कुणी काही थाप मारली की ती म्हणायला लागली, "उडालं बाबांचं विमान." बायकोलाही तो शब्द आवडला. मग तो घरचाच झाला. भाजीवाल्यानं ताजी आहे म्हणून शिळी भाजी दिली, उडालं विमान. पाहुणे येतो म्हणून आले नाहीत, उडालं विमान. पायलटसमोरच म्हणायचे, आणि त्यालाही हसावं लागायचं.

पुढे विमानांचा धंदा बसला. साचा भंगारात निघाला. हातगाडीवर चढवायला माणसं कमी पडली, तेव्हा त्यानंच एका बाजूनं हात लावला. नंतर नोकरी संपेपर्यंत त्यानं बुचांचे साचे केले. बूच म्हणजे बूच. त्यात रिव्हेट नाही, पंख नाही, काही नाही. लेकीचं लग्न झालं. जावयाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा यानं पोलादाचा विषय काढला आणि तो हळूहळू विमानाकडे वळवायला लागला, तर लेकीनं ताटावरून डोळे वर न करता म्हटलं, "बाबा, विमान नको." जावई भला माणूस, त्यानं विषय बदलला. पायलटनं त्या दिवशी भात घेतला नाही आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

त्याला फार काही नको होतं. मोठेपणा नको, शाबासकी नको. लेकीचं बोट एकदा त्या रिव्हेटवर टेकवायचं आणि म्हणायचं, हा बघ. बस्स. म्हातारपणी माणसाच्या मागण्या कमी होतात म्हणतात. याची एकच मागणी होती आणि ती वयाबरोबर वाढतच गेली. जुन्या बाजारातून जाताना तो खेळण्यांच्या ढिगात हात घालून बघायचा. बायको दुकानाबाहेर उभी राहून म्हणायची, "चला आता. पोरं बघतायत, म्हातारा खेळणी उपसतोय म्हणून."

मग त्याला मोतीबिंदू झाले. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. लांबचं लख्ख दिसायला लागलं. जवळचं दिसायला चष्मा लागणार होता, आणि तो डोळे बरे झाल्यावर मिळायचा होता. अशा दिवसांत एका दुपारी लेक आली. एकटीच, हातात बुटाचा खोका.

"बाबा, डोळे मिटा."

"आत्ताच तर उघडून घेतलेत."

"मिटा हो."

त्यानं मिटले. उघडले, तेव्हा टेबलावर विमान उभं होतं. लांब नाक, हिरवा आणि तपकिरी रंग, पुढे पातं, काचेच्या झाकणाखाली मुगाच्या दाण्याएवढ्या डोक्याचा वैमानिक. शेजारी तिनं जुन्या खोक्याचं झाकण ठेवलं होतं. ढग विटले होते, कोपरा फाटला होता, पण कोपऱ्यातली मुंगी शाबूत होती.

पायलट नुसता खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. डोळ्यांत पाणी आलं तर डॉक्टरांनी पुसू नका सांगितलं होतं, म्हणून तो ते तसंच वाहू देत बसला.

लेक भराभर सांगायला लागली. ती दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिथे एक निवृत्त बँकवाले यायचे, त्यांना असली विमानं जमवायचा आणि जोडायचा भारी नाद. आपला नंबर येईपर्यंत ते फोनवर खोक्यांचे फोटो दाखवत बसायचे. एका फोटोत तिला मुंगी दिसली.

"मी ओरडलेच बाबा. म्हटलं, ही तर आमच्या बाबांच्या शर्टावरची मुंगी! तुमचा शर्ट मी रोज घडी करून ठेवायचे ना. मग कितीतरी दिवस मागे लागले त्यांच्या. त्यांच्याकडे दोन होती. एकाचा खोका फाटका, म्हणून द्यायला तयार झाले. पण म्हणाले, जोडून मीच देणार. जुनं प्लास्टिक आहे, दुसऱ्याच्या हातात सत्यानाश होईल."

"होतं होतं, असलं काहीतरी होतं हो तुमचं," बायको दारात येऊन म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं. इतकी वर्षं संसार करून तिला आश्चर्य वाटलं, हे पायलटला लागलं, पण आज ते त्यानं सोडून दिलं.

त्यानं घाई केली नाही. आधी लांबून बघितलं. नाकाखालचा तो हवेचा झोत घ्यायचा भाग, ज्यानं साचा करताना त्याच्या नाकी नऊ आणले होते, तो बघितला. शेपटीचं चाक बघितलं. आपलंच. मग बायकोला चष्मा लावून जवळ यायला सांगितलं. विमान उचललं आणि उताणं केलं.

"बोट दे," तो लेकीला म्हणाला. "डावा पंख. इथून मोज. पहिली ओळ, दुसरी, ही तिसरी. आता बाहेरच्या बाजूला ये. आलीस?"

त्यानं तिचं बोट धरून नेलं. इतकी वर्षं त्यानं हे मनातल्या मनात केलं होतं, त्यामुळे चष्मा नसला तरी अडत नव्हतं.

"लागला?"

लेकीनं बोट मागेपुढे फिरवलं.

"अगं, लागला का?"

"नाही बाबा."

त्यानं तिचं बोट बाजूला केलं आणि आपलं टेकवलं. पंख काचेसारखा गुळगुळीत होता. तिसरी ओळ नव्हती. दुसरी नव्हती, पहिली नव्हती. त्यानं वरून बोट फिरवलं, पोटावरून फिरवलं, शेपटीवर फिरवलं. कुठे एक कण लागेना. आपली बोटंच गेली की काय, असं वाटून त्यानं ती अंगठ्यावर घासून पाहिली.

"मी घरी नेऊन शोधला होता," लेक हळू आवाजात म्हणाली. "खिडकीत धरून बघितला. भिंग घेऊन बघितला. नाही सापडला. म्हटलं, मला कळत नसेल, तुम्हाला सापडेल."

"त्या बँकवाल्यांना तू काही बोललीस?"

"बोलले म्हणजे काय, बजावून सांगितलं. म्हटलं, काका, डाव्या पंखाखाली तिसऱ्या ओळीत एक रिव्हेट वाकडा आहे म्हणतात बाबा. तेवढं बघून घ्या हं, नक्की."

पायलटचा हात विमानावर तसाच राहिला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही निश्चिंत राहा. मग घ्यायला गेले तेव्हा आधी तेच विचारलं, तो वाकडा रिव्हेट? तर हसले आणि म्हणाले, शोधून दाखवा!"

तिला काय म्हणायचं होतं? सांभाळा, जपा, हरवू देऊ नका. आणि त्या हौशी माणसानं काय ऐकलं? जे कुठल्याही हातानं काम करणाऱ्या माणसानं ऐकलं असतं तेच. त्याचं काय चुकलं! त्यानं तो एक वाकडा घासला. आणि खऱ्या विमानावर असले रिव्हेट नसतातच म्हणून बाकीचेही घासले, सगळे. किती दिवस बसला असेल बिचारा, पॉलिशचा कागद घेऊन. काम तर इतकं स्वच्छ केलं होतं की फोरमनलाही खोट काढता आली नसती.

पायलटच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडात सगळे शब्द तयार होते. अगं, घासून टाकला त्यानं. तूच सांगितलंस म्हणून घासून टाकला. लेकीचा फोन तिथेच टेबलावर, खोक्याच्या झाकणाशेजारी पडला होता. एक फोन लावला असता, तर बँकवाल्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं असतं, हो, होता ना एक वाकडा, काढला मी. त्याच्या बोलण्यावर लेकीनं विश्वासही ठेवला असता, बापाच्या नाही तरी. उभ्या जन्माचा पुरावा हातभर अंतरावर पडला होता.

"फोन लाव त्यांना," तो म्हणाला.

"कशाला बाबा?" लेकीनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. "असू दे ना. मला राग नाही आता. लहान होते तेव्हा खूप आला होता, खोटं कशाला सांगू. वर्गात सगळे हसले होते. पण आता मलाही मुलं आहेत. आपण सांगतोच की काहीतरी पोरांना, त्यांना बरं वाटावं म्हणून. विमान तर होतं ना? विमान खरं निघालं. मला तेवढं पुष्कळ आहे."

न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळण्यासारखी दुसरी कडू गोष्ट नाही. आणि ती इतक्या मायेनं मिळाली, की ती भिरकावूनही देता येईना. ती त्याच्या हातावरून हात फिरवत होती, चेहरा मोकळा झालेला, इतक्या वर्षांचं काहीतरी उतरवून टाकल्यासारखा. फोन लावला असता तर तिला कळलं असतं, की बाप खरं बोलत होता. आणि त्याच दमात हेही कळलं असतं, की तिचा रिव्हेट तिनंच सांगून पुसून घेतला.

"फोन लाव म्हणजे," पायलट म्हणाला, आणि दुसऱ्या हातानं त्यानं विमान सरळ उभं केलं, "त्यांना सांग, काम फार स्वच्छ झालंय. आत्ता नको, भेटतील तेव्हा सांग."

"सांगते ना! किती खूश होतील."

"आणि तो रिव्हेट... गंमत करायचो गं मी."

"मला माहीतच होतं," लेक म्हणाली आणि डोळे पुसत हसली. लहानपणी टाळ्या पिटायची तशी नाही, पण मनापासून हसली. चहा घेऊन, विमान कपाटावर नीट ठेवून, त्याच्याभोवती धूळ बसू देऊ नका म्हणून आईला बजावून ती गेली.

बायकोनं कपबशा गोळा केल्या. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"एक विचारू? खरं सांगा हं. होता का हो तो रिव्हेट?"

पायलटनं तिच्याकडे पाहिलं. डब्यात पंख कुणासाठी लपवला होता, नाव कशामुळे पडलं, सगळं जिला माहीत होतं, ती विचारत होती.

"होता. वाकडा होता. फोरमननं सांगितलं होतं, तेवढं बघून घे. माझ्याच्यानं राहून गेलं."

"मग गेला कुठे?"

"आता बघून घेतलं कुणीतरी."

बायकोनं क्षणभर वाट पाहिली, आणखी काही सांगतो का म्हणून. मग मान हलवली. "उडालं विमान," ती म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली, आणि आतल्या खोलीतून तिचं हसणं त्याला ऐकू आलं.